पाळीवरची वाट

करंजपार, ता. ९ फेब्रुवारी १९५६

चि. नानाजीस गुणाबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र केव्हाच पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण दवाखान्यात देवीच्या टोचण्या चालू आहेत आणि नर्स म्हणून इथं मी एकटीच. डॉक्टर आठवड्यातून एकदा ब्रह्मपुरीहून येतात, तेही मोटार मिळाली तर.

काल तलावाच्या पाळीवर माणसं साखळी टाकून मोजत होती. विचारलं तर ओव्हरसियर म्हणाला, "बाई, इथी बाग होऊन राह्यली. नागपूरहून नक्शा आला. तुमच्याच भावाच्या हातचा आहे." मी भर पाळीवर हसले रे. आपल्या गावच्या तलावाची बाग तू काढावीस! मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तेव्हापासून पाळीकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कमिटी झाली आहे. अध्यक्ष भैयाजी मालगुजार. दुसरा कोण होणार?

एकच लिहायचं आहे. तू विसरला नसशील, तरी लिहिते. पूर्वेकडल्या जंगलातल्या सगळ्या टोल्या-वस्त्यांना गावात यायला पाळ हीच वाट. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला खोल नाला. मंगळवारच्या बाजाराला मोह, चारोळी, मोळ्या डोक्यावर घेऊन बाया इथूनच येतात, करंजाखाली ओझी उतरवतात, घटकाभर बसतात. ती वाट तेवढी राहू दे.

हिरटोल्याची सोमारी आता पुष्कळ येते माझ्याकडे. पोचूची बायको. मी नवऱ्यामागं नर्सचं शिकून माहेरच्या गावी नोकरीला आले, तेव्हा शेजारपाजारच्या बाया माझ्याकडे कीव करत पाहायच्या. ही एकटीच येऊन सरळ चुलीपाशी बसली. तिची दोन लेकरं जन्मताना गेली, टोल्यावरच. आता पुन्हा दिवस आहेत. परवा म्हणाली, "बाई, या बारी तू राहशील ना माह्याजवळ?" मी हो म्हटलं.

प्रकृतीला जप.

तुझी बाई


नागपूर, ता. २० फेब्रुवारी १९५६

ती. बाईस नमस्कार.

ओव्हरसियरनं माझ्याआधी बातमी फोडली. मला तुला येऊन दाखवायचा होता नकाशा.

बाई, हा नकाशा काढताना मी पट्टी हातात धरण्याआधी किती तरी वेळ नुसता डोळे मिटून बसलो. मनानं पाळीवरून चाललो. कुठं पाय भाजतात, कुठं सावली लागते, कुठं आई घागर खाली ठेवून दम खायची, ते सगळं आठवलं आणि मग रेघ मारली. इथल्या नकाशाकामाच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, बाग फुलांची नसते, माणसांच्या बसण्याची असते. माणूस जिथं आपणहून बसतो तिथं आपण फक्त ओटा बांधायचा.

एकही करंज तोडायचा नाही. प्रत्येक बुंध्याभोवती दगडी पार. घाटाच्या पायऱ्या बुटक्या, भरली घागर घेऊन चढता येतील अशा. आणि वाटेवर तीन ठिकाणी बाईच्या डोक्याएवढा उंच ओटा, म्हणजे मोळी उतरवायला दुसऱ्याच्या हाताची वाट पाहायला नको. हे ओटे पाहून आमचे साहेब म्हणाले, हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं?

तुझ्या वाटेची काळजी सोड. पाळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दोन ठिकाणी वाटा मोकळ्या आहेत. दार कुठंही नाही. दोन दगड तिरपे रोवायचे, गाय अडेल, माणूस ओझ्यासकट जाईल. डोलीसुद्धा जाईल एवढी जागा ठेवली आहे. सार्वजनिक जागेला दार लावलं की ती कोणाची तरी खाजगी होते.

सोमारीला माझा नमस्कार सांग. तिचं लेकरू या बागेत खेळेल.

तुझा नानाजी


करंजपार, ता. २९ एप्रिल १९५६

नानाजीस,

आज आशीर्वाद लिहायला हात चालत नाही.

पाळीवरचे करंज पाडले. उत्तरेकडले तेवढे चारदोन ठेवले, भैयाजींच्या वाड्यातून दिसतात ते. बाकी बुडातून कापले. का म्हणून विचारलं तर कमिटीचा माणूस म्हणाला की गुलाबाला सावली चालत नाही. दोन्ही अंगांनी सिमेंटचे खांब रोवले आहेत आणि त्यांना काटेरी तार. दोन्ही टोकांना लोखंडी दार. मधल्या तुझ्या वाटा कुठं आहेत? मी तर शोधून आले.

बाजाराच्या दिवशी मोळीवाल्या बाया दाराशी येऊन थांबल्या. त्यांना सांगितलं की आत रोपं आहेत, नाल्यातून जा. नाल्याचा उतार तुला ठाऊक आहे. ओझं घेऊन बसत बसत उतरायचं आणि हातापायांवर चढायचं. सोमारी सहाव्या महिन्यात आहे. ती तशी आली. माझ्या ओसरीवर बसली, पाणी प्याली, आणि मला म्हणाली, "बाई, तुह्या भावानं आमची वाट काऊन बंद केली?"

मी काय सांगू तिला? भैयाजी सगळ्या गावात सांगतात, "आम्ही काही आमच्या मनचं करून नाही राह्यलो. गुणाबाईच्याच भावाचा नक्शा आहे, नागपूरचा." दवाखान्यात टोल्यावरच्या बाया येतात, त्या माझ्याशी बोलत नाहीत आता. गोळी घेतात आणि जातात.

एवढं गोड गोड लिहिलंस तू मला. मग हे काय काढलंस?

गुणा


नागपूर, ता. ८ मे १९५६

ती. बाईस,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू माझ्यावर एवढ्या लवकर अविश्वास दाखवशील असं वाटलं नव्हतं.

माझ्या नकाशात तार नाही. त्या अर्थी तार तात्पुरतीच असणार. कोवळी रोपं असली की गुरांपासून राखावी लागतात, हे तूही समजू शकतेस. झाडं तोडली हे मात्र वाईट झालं, मी साहेबांच्या कानावर घालतो. पण बाई, गावात नवं काही होऊ लागलं की आधी ओरड होतेच. इथं नागपुरातही रस्ता रुंद केला तेव्हा हेच झालं. काम पुरं होईपर्यंत धीर धर. लोक काय म्हणतात ते सगळंच मनावर घेऊ नकोस.

पावसाळ्यापूर्वी दारं निघतील. माझी खात्री आहे.

नानाजी


करंजपार, ता. ३ जून १९५६

नानाजीस,

तू मला धीर धर म्हणालास. धरला. काल काम पुरं झालं.

आता तुला समजेल असं लिहिते. दोन्ही टोकांच्या दारांना कुलूप. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरानंतर थोडा वेळ उघडतात, तेही फक्त गावाकडलं. पूर्वेचं दार उघडतच नाही. दाराशी पाटी आहे, ओझी आणि अनवाणी माणसांना मनाई. तुझे उंच ओटे एकही नाहीत. त्या जागी सिमेंटची बाकं, उन्हात तापलेली. त्यांच्यावर कोणी बसत नाही. संध्याकाळी भैयाजींच्या घरच्या बाया येतात, एक फेरी मारतात आणि जातात. राखणदार म्हणून आपला दसरू आहे, चांगला माणूस. मी त्याला म्हटलं, "दसरूभाऊ, दार उघडा ना, मले हिरटोल्याले जायचं आहे." तो म्हणाला, "बाई, मले चावी देतच नाई. चावी वाड्यात राह्यते. मी नुसता खांबाले टेकून उभा असतो."

तेव्हा मला समजलं. सरकारनं तलाव भैयाजींच्या हातून कायद्यानं काढला. त्यांनी तो तारेनं परत घेतला. आणि तार ओवायला तुझं नाव वापरलं.

तू खोटं बोलला नाहीस हे मला आता पटतं. पण त्यानं काय होतं? मृग तोंडावर आहे. नाला भरला की टोले तुटतील. सोमारी श्रावणात बाळंत होईल. तिचं मूल आडवं फिरलं आहे असं मला हाताला वाटतं. अजून वेळ आहे, फिरेलही. नाही फिरलं तर तिला इथं आणावं लागेल आणि डॉक्टरांना बोलवावं लागेल.

तू ये. येऊन नुसता उभा राहा आणि सांग की हा माझा नक्शा नाही.

बाई


नागपूर, ता. १६ जून १९५६

ती. बाई,

मला क्षमा कर. मागलं पत्र मी चिडून लिहिलं होतं.

तुझं पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, आपण नकाशा देतो, बागेची व्यवस्था गावच्या कमिटीची, आपला हात तिथवर जात नाही. मी म्हटलं, साहेब, व्यवस्था नाही बदलली, नकाशाच बदलला आहे. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर म्हणाले, आता नोव्हेंबरात प्रांत मोडणार, आपण मुंबईकडे जाणार, कोणता कागद कुठल्या खोक्यात जाईल कोणाला ठाऊक. खरंच इथं सगळी कचेरी खोकी भरते आहे. मी रजा मागितली. मिळाली नाही.

पण एक चांगली गोष्ट. बागेचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला ठरलं आहे आणि भैयाजींनी आमच्या साहेबांनाच बोलावलं आहे. साहेबांनी मला बरोबर घ्यायचं कबूल केलं. मी त्यांना पाळीवर हाताला धरून नेईन. तार दाखवीन, नाला दाखवीन. डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही.

तोवर सांभाळ.

नानाजी


करंजपार, ता. २ ऑगस्ट १९५६

चि. नानाजी,

नाला भरून वाहतो आहे. गेल्या बाजारी टोल्यावरचं कोणी आलं नाही. त्याच्या आदल्या बाजारी पत्रूची म्हातारी वाहून जाता जाता वाचली, तिची चारोळीची टोपली गेली.

सोमारीचं मूल फिरलं नाही. मी तिला म्हटलं, आत्ताच माझ्या खोलीवर येऊन राहा. ती तयार होती, पण घरी भाताचा रोवणा अर्धा राहिला आहे, सासू अंथरुणावर. पोचू म्हणाला, "कळा लागल्या का मी आन टोल्यावरचा लालसू खाटेवर घालून आणून देतो बाई. फकस्त दार उघडं पायजे."

म्हणून मी वाड्यावर गेले. भैयाजी सुपारी कातरत बसले होते. मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गुणाबाई, तुम्ही मले काय समजता? अडल्या बाईले कोण अडवते? दसरूले सांगून ठेवतो, माणूस पाठवा, चावी देतो." मी म्हटलं, चावी दसरूपाशीच राहू द्या ना. ते हसले. "बागेत मग अख्खं जंगल येईल ना बाई."

शब्द तर दिला आहे. पण मला झोप लागत नाही. पंधराला येतोस ते एक दिवस आधी येता येईल का पाहा.

बाई


नागपूर, ता. ९ ऑगस्ट १९५६

बाई,

आधी येणं जमत नाही. साहेबांच्या जीपमधूनच यायचं, चौदाला ब्रह्मपुरीला मुक्काम, पंधराला सकाळी करंजपार. कार्यक्रमात मी साहेबांच्या शेजारीच असेन. बोलायचं ते मनाशी पाठ करतो आहे.

नानाजी


नागपूर, ता. १९ ऑगस्ट १९५६

ती. बाई,

तू मला न भेटताच का गेलीस? कार्यक्रम संपल्यावर दवाखान्यात गेलो, कुलूप होतं. जीप थांबेना.

मी तुला पाहिलं होतं. गावाकडल्या दाराशी, पोलिसांच्या मागं. तू ओरडून काही सांगत होतीस, पण पोरांचं गाणं सुरू होतं आणि मला काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, तू दाराबद्दल बोलायला आलीस. नेमका त्याच वेळी मी साहेबांना तोच विषय काढला होता आणि ते मान हलवत होते. वाटलं, आता तू आलीस आणि वाद झाला तर होत आलेलं काम बिघडेल. म्हणून तुला हातानं खूण केली.

आणि बाई, साहेब कबूल झाले. जीपमध्ये म्हणाले, पूर्वेकडलं दार बाजाराच्या दिवशी उघडं ठेवायला मी भैयाजींना पत्र घालतो. थोडं का होईना, पदरात पडलं. सोमारीला सांग.

उत्तर लवकर पाठव.

नानाजी


करंजपार, ता. २८ ऑगस्ट १९५६

नानाजी,

विचारलंस म्हणून लिहिते.

पंधराला सकाळी सोमारीला कळा लागल्या. पोचूनं आणि लालसूनं तिला खाटेवर घातलं आणि पाळीच्या पूर्वेच्या दाराशी आणलं. कुलूप. आत दसरू, नवा फेटा बांधलेला. तो चावीसाठी धावत वाड्यावर गेला. वाड्यात कोणी नव्हतं, सगळे कार्यक्रमाला. तो भैयाजींपाशी गेला तर ते पाहुण्यांच्या गळ्यात हार घालत होते. त्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. दसरू परत दाराशी आला आणि पोचूला म्हणाला, "थोडं थांब ना भाऊ, झेंडा झाला का उघडतो." हे त्यानं मला नंतर रडत सांगितलं.

लालसू नाल्यातून पोहत गावात आला आणि मला गाठलं. आम्हा दवाखान्याच्या लोकांना रांगेत उभं केलं होतं. मी रांग सोडून तुझ्या बाजूच्या दाराशी धावले, कारण पाळीवरून गेलं तर पलीकडं पोचायला कितीसा वेळ? पोलिसांनी दंड धरला. मी तुला पाहिलं. तुला हाक मारली. नानाजी, मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. तू माझ्याकडं पाहिलंस. आणि हात वर केलास. मले थांब म्हणालास.

मी थांबले नाही. लालसूचा हात धरून नाल्यात उतरले. पाणी छातीपर्यंत होतं, पिशवी डोक्यावर. तिकडून पोचू वाट पाहून थकला आणि एकटाच खाट नाल्याकडे ओढत आणत होता. आम्ही पल्याडच्या काठावर भेटलो. तिथंच पळसाखाली, चिखलात. मुलाचा हात बाहेर आला होता. एवढ्यावर मी एकटी काय करणार? डॉक्टर होते ना, तुझ्या साहेबांच्या मागल्या खुर्चीवर. त्यांना कोण बोलवणार आणि कसं आणणार? जे शिकले होते ते सगळं केलं. मुलगी होती. सगळं नीट होतं तिचं, केससुद्धा. रडली नाही.

पाळीवरून टाळ्यांचा आवाज येत होता.

सोमारी जगली. का जगली कोणास ठाऊक, रक्त फार गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, तुह्या भावाले दिसलो नाई का आम्ही?" मी खोटं बोलले. म्हटलं, नाही दिसलात.

बाजाराच्या दिवशी दार उघडेल म्हणून तिला सांग म्हणतोस. तूच येऊन सांग.

गुणा


नागपूर, ता. ६ सप्टेंबर १९५६

बाई,

चार पत्रं लिहिली आणि फाडली.

मी त्या हातानं आता पेन्सिल धरतो, तर तो माझा वाटत नाही. मी रोज सगळ्यांना सांगतो आहे. साहेबांना सांगितलं, त्यांनी खिडकीकडे पाहत फार वाईट झालं म्हटलं आणि मग विचारलं, तुमची मुंबईची तयारी झाली का? चांद्याला कलेक्टरकडे अर्ज पाठवला. वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो, ते म्हणाले, बागेच्या उद्घाटनाची बातमी आम्ही छापली आहे.

बाई, जेवण जात नाही. एखादं दार बंद आहे म्हणून एवढं होऊ शकतं हे मला शिकवलं नव्हतं, की शिकवलं होतं आणि मी ते फक्त परीक्षेत लिहिलं, ते कळत नाही. काय करू सांग. तू सांगशील ते करीन.

नानाजी


करंजपार, ता. १४ ऑक्टोबर १९५६

नानाजी,

काय कर ते मला विचारू नकोस. मलाही सुचत नाही.

माझी बदली झाली, सिरोंचाला. कार्यक्रमाच्या वेळी जागा सोडून शिस्त मोडली म्हणून. दिवाळीआधी हजर व्हायचं आहे. तिकडं लोक तेलुगू बोलतात. मी अडलेल्या बाईला धीर कोणत्या भाषेत देणार?

सोमारी उठून हिंडू लागली आहे. एका मंगळवारी तिनं काय केलं ऐक. पूर्वेचं दार बाजाराच्या दिवशीही उघडलं नाहीच, तर मोळी घेतली आणि त्या दाराशी येऊन खाली बसली. नाल्याकडे गेली नाही. दसरू म्हणाला, पाणी ओसरलं आता, नाल्यातून जा. ती उठली नाही. दिवसभर बसली आणि संध्याकाळी मोळी उचलून परत गेली. पुढच्या मंगळवारी तिच्यासोबत आणखी बाया होत्या. आता सगळे टोले दाराबाहेर बसतात. गावातल्यांना सरपण पाहिजे, चारोळी पाहिजे, तर गावकरी पाळीला वळसा घालून, नाला उतरून तिकडे विकत घ्यायला जातात. बाजाराचा अर्धा भाग तिकडे जाऊन बसला आणि बाग रिकामी.

भैयाजी चिडले आहेत. पोलीस आणून उठवीन म्हणतात. मी असते तर सोमारीशेजारी बसले असते. आता तिथं तिच्या बाजूनं बोलणारं, लिहितावाचता येणारं कोणी उरणार नाही.

गुणा


नागपूर, ता. ८ नोव्हेंबर १९५६

बाई,

हे पत्र सिरोंचाला पाठवतो, मिळेल अशी आशा.

कचेरी गेली. भिंतीवर नकाशांचे पांढरे चौकोन तेवढे राहिलेत. मला मुंबईचा हुकूम आला आहे, सोमवारी गाडी. मी जात नाही. मंगळवारी करंजपारला जातो. कोणाला विचारून नाही आणि कोणाला सांगूनही नाही, फक्त तुला.

नानाजी


सिरोंचा, ता. २ डिसेंबर १९५६

नानाजी,

इथं उडत उडत कानावर आलं की करंजपारला कोणी बागेचं दार काढलं आणि त्याला धरून नेलं. तो तूच ना? मारलं का रे तुला? कुठं आहेस? हे पत्र करंजपारच्या शाळेतल्या रामाजी मास्तरांच्या पत्त्यावर पाठवते, ते तुला पोचवतील.

मी तुझ्यावर फार रागावले होते. अजूनही आहे. पण तुझ्याशिवाय मला कोणी नाही. तुला काही झालं तर मी काय करू, इथं या नदीकाठी बसून? दोन ओळी लिही.

बाई


करंजपार, ता. १७ फेब्रुवारी १९५७

ती. बाईस,

तुझं डिसेंबरातलं पत्र आणि त्यानंतरची दोन्ही रामाजी मास्तरांनी दिली. उत्तर द्यायला धजलो नाही. आता सांगण्यासारखं काही आहे म्हणून लिहितो.

मी मंगळवारी आलो तेव्हा दाराबाहेर बाजार भरला होता. मी पान्हा घेऊन आलो होतो. पोचू आणि लालसू उठू लागले, त्यांना म्हटलं, दूर राहा, गुन्हा तुमच्या अंगावर नको. दसरू माझ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "नानाभाऊ, मी पाणी प्यायले जाऊन राह्यलो," आणि खरंच गेला. बिजागऱ्या गंजल्या नव्हत्या, नव्याच होत्या. दार जड. एकट्यानं ओढत पाळीवरून, गावाकडल्या उघड्या दारातून नेलं, भैयाजींच्या अंगणात टाकलं आणि पोलिसांची वाट पाहत पायरीवर बसलो. भैयाजी बाहेर आले. म्हणाले, "नानाजी, तुह्या नावाची बाग आणि तूच मोडून राह्यला?" मी म्हटलं, भैयाजी, माझ्या नावाची म्हणूनच.

त्यांनी मारलं नाही. मास्तर जामीन राहिले. नोकरी गेली. खटला चांद्याला आहे, तारखा पडतात. मी मास्तरांच्या पडवीत राहतो आणि लोकांची शेतं मोजून देतो.

दार पुन्हा बसवायला कमिटीनं दोनदा माणसं आणली. दोन्ही वेळा सोमारी त्या मोकळ्या जागेत मोळी ठेवून बसली आणि तिच्या मागं सगळ्या बाया बसल्या. माणसं दार खांद्यावर घेऊन उभी राहिली, मग परत गेली. गेल्या आठवड्यात नवे तहसीलदार आले. त्यांनी सोमारीला विचारलं, तुम्हाला इथूनच का जायचं असतं? ती म्हणाली, "दुसरी वाट कुठी आहे?" ते नाल्यापर्यंत चालत गेले. उतारावर घसरले, बूट चिखलात गेले, कोणी हसलं नाही. परत आल्यावर म्हणाले, पाळ ही गावच्या निस्ताराची, म्हणजे सगळ्यांच्या वहिवाटीची वाट आहे, पूर्वीपासून लोक वापरत आले आहेत, खटल्याचा निकाल लागेपर्यंत पूर्वेचं दार बसवायचं नाही आणि गावाकडल्या दाराला कुलूप लावायचं नाही. पुढं काय होईल माहीत नाही. तार अजून आहे. गुलाब वाळले.

आता मंगळवारी टोले पाळीवरून येतात. मी दिवसभर तिथंच असतो, पुन्हा कोणी काही बसवू नये म्हणून. करंज नाहीत, ऊन फार लागतं. बाया ओझी उतरवून तापल्या मातीवर बसतात. मी त्यांच्यासाठी घाटावरून पाणी आणून ठेवतो. बाकीच्या पितात, काही जणी माझ्याशी बोलतातही आता. लालसूनं एकदा विडी दिली.

सोमारीला मी सांगितलं, बाई. तू खोटं बोललीस, मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, मला गुणाबाई दिसली होती, मी तिला थांबवलं. ती ऐकत राहिली. मग मोळी उचलून चालू लागली.

गेल्या मंगळवारी ती एकटीच मागं राहिली होती, मोठी मोळी होती तिची. घाम पुसत बसली. मी तांब्या भरून तिच्यापुढं धरला. तिनं तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. हात पुढं केला नाही. मी तो तिच्याजवळ खाली ठेवला आणि घाटाकडं निघून गेलो, मी नसताना तरी पिईल म्हणून. परत आलो तेव्हा ती बाजाराकडं गेली होती. तांब्या तिथंच होता, काठोकाठ भरलेला.

नानाजी